पादचाऱ्यांचा नागरिक विज्ञानाधारित अभ्यास

पादचाऱ्यांचा नागरिक विज्ञानाधारित अभ्यास म्हणजे एखाद्या वस्तीत लोक कोठून, केव्हा, कसे आणि कोणत्या कारणाने पायी चालतात याची माहिती त्या वस्तीतील रहिवाशांनी स्वतः पद्धतशीरपणे गोळा करणे व तिचा अर्थ लावणे होय. हे काम रहिवासी स्वतंत्रपणे किंवा व्यावसायिक संशोधकांच्या बरोबरीने करतात. ठरलेल्या जागी उभे राहून पादचारी मोजणे, पदपथाची स्थिती नोंदवणे, रोजच्या वाटा नकाशावर काढणे, चालताना छायाचित्रे व ध्वनिनोंदी घेणे आणि खिडकीत बसवलेल्या गणकयंत्राद्वारे सतत नोंद ठेवणे या त्याच्या प्रमुख पद्धती आहेत. नगररचना, वाहतूक अभियांत्रिकी, सार्वजनिक आरोग्य, भूगोल आणि समाजशास्त्र या विद्याशाखांत या अभ्यासाचा उपयोग केला जातो.

रस्ते बांधणाऱ्या यंत्रणा वाहनांची मोजणी नियमितपणे करतात. पादचाऱ्यांची मोजणी मात्र बहुतेक शहरांत तितक्या नियमाने होत नाही. त्यामुळे एखाद्या रस्त्यावरून दिवसाला किती मोटारी जातात हे सांगता येते, परंतु त्याच रस्त्यावरून किती माणसे चालत जातात आणि त्यांपैकी किती जणांना पदपथ सोडून वाहनांच्या मार्गात उतरावे लागते, हे सहसा सांगता येत नाही. रस्त्याच्या रुंदीची वाटणी उपलब्ध आकड्यांच्या आधारे होत असल्याने ज्यांचा आकडा नाही त्यांच्या वाट्याला उरलेली जागा येते. रहिवाशांनी केलेल्या मोजणीचे महत्त्व प्रामुख्याने या कारणामुळे आहे.

संज्ञा

‘नागरिक विज्ञान’ ही संज्ञा १९९० च्या दशकात दोन ठिकाणी दोन वेगळ्या अर्थांनी रूढ झाली. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ ॲलन आयर्विन यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तिचा अर्थ नागरिकांच्या चिंतांना उत्तर देणारे व त्यांच्या अनुभवजन्य ज्ञानाला स्थान देणारे विज्ञान असा आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेतील रिक बॉनी यांनी ती सामान्य लोकांनी शास्त्रज्ञांसाठी निरीक्षणे गोळा करणे या अर्थाने वापरली. पादचाऱ्यांच्या अभ्यासात हे दोन्ही प्रवाह दिसतात. काही उपक्रमांत स्वयंसेवक केवळ आकडे पुरवतात, तर काहींत कोणता प्रश्न विचारायचा हेही तेच ठरवतात. लंडनमधील भूगोलतज्ज्ञ मुकी हाकलाय यांनी सहभागाच्या या चढत्या पायऱ्या चार स्तरांत मांडल्या असून, सर्वांत खालच्या स्तरावर नागरिक हा जणू एक संवेदक असतो, तर सर्वांत वरच्या स्तरावर तो प्रश्नाची आखणी, माहितीचे संकलन व विश्लेषण या तिन्हींत भागीदार असतो.

महाराष्ट्रात ‘लोकविज्ञान’ हा शब्द परिचित आहे, परंतु तो विज्ञान व वैज्ञानिक दृष्टिकोन लोकांपर्यंत नेणाऱ्या चळवळीशी जोडला गेला आहे. नागरिक विज्ञानात लोक स्वतः ज्ञाननिर्मितीत भाग घेतात. या दोन कल्पना एकमेकींच्या जवळच्या असल्या तरी समानार्थी नाहीत.

पार्श्वभूमी

शहरातील चालण्याचा अभ्यास प्रथमपासूनच काहीसा विद्यापीठांबाहेर वाढला. १९६१ मध्ये अमेरिकन शहरांच्या पुनर्रचनेवर टीका करणारा प्रभावी ग्रंथ लिहिणाऱ्या जेन जेकब्स या पत्रकार होत्या आणि त्यांनी नगररचनेची पदवी घेतलेली नव्हती. आपल्या राहत्या रस्त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत कोण येते-जाते याचे निरीक्षण हा त्यांच्या युक्तिवादाचा पाया होता. त्यांच्या स्मरणार्थ २००७ मध्ये टोरांटो येथे ‘जेन्स वॉक’ हा उपक्रम सुरू झाला. त्यात रहिवासी शेजाऱ्यांना आपला परिसर पायी फिरून दाखवतात. अनेक देशांत दर मे महिन्यात होणाऱ्या या फेऱ्यांना काटेकोर अर्थाने विज्ञान म्हणता येणार नाही, कारण त्यांत नोंदीची समान पद्धत नसते. मात्र पुढील अभ्यासाचे प्रश्न अशा फेऱ्यांतून सुचतात.

त्याआधी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथासाठी केव्हिन लिंच यांनी बॉस्टन, जर्सी सिटी व लॉस एंजेलिस येथील रहिवाशांकडून त्यांच्या मनातील शहराचे नकाशे काढून घेतले होते. बॉस्टनमध्ये त्यांनी सुमारे ३० जणांच्याच मुलाखती घेतल्या आणि हे लोक मुख्यतः व्यावसायिक व व्यवस्थापक वर्गातील होते. ही मर्यादा लिंच यांनी स्वतःच नमूद केली आहे. निरीक्षणाखाली कोण आले आणि कोण आले नाही हा प्रश्न तेव्हापासून आजतागायत या क्षेत्राची पाठ सोडत नाही.

विल्यम एच. व्हाइट यांनी १९७० मध्ये न्यूयॉर्क येथे ‘स्ट्रीट लाइफ प्रोजेक्ट’ सुरू केला. तरुण सहायकांच्या मदतीने व ठराविक अंतराने चित्रे टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या साहाय्याने त्यांनी चौक व पदपथ यांवरील वर्तनाची नोंद केली. लोक गर्दी टाळतात, ही समजूत त्यांना खरी आढळली नाही. लोक गर्दीच्या जागीच थांबतात आणि पदपथाच्या मधोमध उभे राहून गप्पा मारतात, असे त्यांच्या चित्रफितींत दिसले. या निष्कर्षांच्या आधारे न्यूयॉर्कच्या क्षेत्रविनियमनात १९७५ मध्ये सार्वजनिक चौकांतील बैठकव्यवस्थेविषयी तरतुदी करण्यात आल्या. व्हाइट यांच्या जुन्या चित्रफितींची त्याच जागांच्या २००८ ते २०१० या काळातील चित्रणाशी संगणकाद्वारे तुलना करण्यात आली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनानुसार मधल्या सुमारे तीन दशकांत चालण्याचा सरासरी वेग १५ टक्क्यांनी वाढला.

डेन्मार्कमध्ये यान गेल यांनी कोपनहेगन येथील स्ट्रोएट या रस्त्याचा दीर्घकाळ अभ्यास केला. हा रस्ता १९६२ मध्ये वाहनांसाठी बंद करण्यात आला होता. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या रेषेवर, कागद व पेन्सिल घेऊन माणसे मोजण्याची जी साधी पद्धत त्यांनी रूढ केली, तीच आज जगभरच्या स्वयंसेवी मोजण्यांचा आधार आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे डॉनल्ड ॲपलयार्ड यांनी परस्परांना समांतर अशा तीन निवासी रस्त्यांवरील लोकांना आपले मित्र, ओळखीचे लोक व ‘आपला’ वाटणारा परिसर नकाशावर दाखवण्यास सांगितले. कमी वाहतुकीच्या रस्त्यावर एका रहिवाशाला सरासरी ३ मित्र होते, तर जास्त वाहतुकीच्या रस्त्यावर ०.९. हा अभ्यास लहान होता आणि तिन्ही रस्त्यांवरील रहिवाशांत इतरही फरक होते, परंतु रहिवाशांनी स्वतः काढलेला नकाशा हा पुरावा ठरू शकतो हे त्यातून दिसून आले.

पद्धती

रेषामोजणी ही सर्वांत जुनी व सर्वांत स्वस्त पद्धत आहे. रस्त्याच्या एका बाजूच्या भिंतीपासून दुसऱ्या बाजूच्या भिंतीपर्यंत एक काल्पनिक रेषा धरली जाते आणि ठराविक वेळेत ती ओलांडणाऱ्या प्रत्येक व्यक्तीसाठी कागदावर एक रेघ मारली जाते. चार उभ्या रेघांवर पाचवी आडवी मारण्याची पद्धत सोयीची असते. रेषा केवळ पदपथापुरती धरणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे. भारतीय रस्त्यांवर पादचाऱ्यांचा मोठा भाग पदपथाच्या बाहेर चालत असल्याने तो अशा मोजणीतून निसटतो. म्हणून कागदावर किमान दोन रकाने असावे लागतात, एक पदपथावरून जाणाऱ्यांचा व दुसरा वाहनांच्या मार्गावरून जाणाऱ्यांचा.

पादचारी कोणाला म्हणायचे हे मोजणीपूर्वी ठरवावे लागते. सायकल हाताने ढकलत नेणारा पादचारी धरला जातो, तिच्यावर बसलेला नाही. चाकांच्या खुर्चीतील व्यक्ती पादचारी असते. कडेवरील मूल, डोक्यावर ओझे घेतलेला हमाल, हातगाडी ढकलणारा विक्रेता आणि रिक्षातून उतरून दोन पावलांवरच्या दुकानात शिरणारे गिऱ्हाईक यांच्याविषयी गटाने एकच नियम करणे आवश्यक असते. नियम कोणता आहे यापेक्षा सर्वांनी तोच पाळणे अधिक महत्त्वाचे ठरते. रेषामोजणीत माणसे नव्हे तर ओलांडण्याच्या घटना मोजल्या जातात. दूध आणायला गेलेली व्यक्ती परतताना पुन्हा मोजली जाते.

दिवसभर उभे राहणे शक्य नसल्याने प्रत्येक तासातील १० मिनिटे मोजून येणाऱ्या संख्येला ६ ने गुणण्याची प्रथा आहे. येथे सांख्यिकीचा एक साधा नियम लक्षात ठेवावा लागतो. यादृच्छिक घटनांच्या मोजणीत अपेक्षित चढउतार हा सरासरी संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो. एखाद्या बोळातील १० मिनिटांची खरी सरासरी १६ असेल, तर एकेका मोजणीत साधारण ८ ते २४ यांमधील कोणताही आकडा येणे स्वाभाविक आहे. त्यामुळे सोमवारी १६ आणि मंगळवारी २० माणसे आली, यावरून रहदारी वाढली असे म्हणता येत नाही. बाजाराच्या रस्त्यावर सरासरी ४०० असेल, तर चढउतार साधारण ३६० ते ४४० एवढाच राहतो. लोक एकेकटे न चालता कुटुंबासह किंवा घोळक्याने चालतात, म्हणून प्रत्यक्षातील चढउतार या हिशेबाहूनही मोठा असतो. शांत गल्ल्यांसाठी अनेक दिवसांच्या मोजण्या एकत्र करणे हाच यावरील उपाय होय.

उतरण्याच्या जागांची नोंद ही रेषामोजणीची पूरक पद्धत आहे. लोक पदपथावरून का चालत नाहीत, या प्रश्नाला शहरांत दोन उत्तरे मिळतात. एका उत्तरानुसार पादचाऱ्यांना शिस्त नसते. दुसऱ्यानुसार पदपथ चालण्यासारखा नसतो. या वादाचा निकाल मतांनी लागत नाही, परंतु काही प्रमाणात मोजणीने लागू शकतो. निरीक्षक पदपथाच्या सलग तुकड्यावर लक्ष ठेवून प्रत्येक व्यक्ती नेमकी कोठे खाली उतरली व पुन्हा कोठे चढली हे नकाशावर खुणेने दाखवतो. बेशिस्त हे कारण असेल तर खुणा सर्वत्र विखुरलेल्या दिसाव्यात. त्या रोहित्र, उघडे चेंबर, उभी केलेली दुचाकी किंवा इमारतीच्या प्रवेशासाठी कापलेला उतार अशा मोजक्या ठिकाणी एकवटल्या असतील, तर कारण त्या ठिकाणीच शोधावे लागते. उद्यानातील हिरवळीवरून किंवा दुभाजकाच्या फटीतून पडलेल्या पाऊलवाटा हाही याच प्रकारचा पुरावा असून, तो मोजणाऱ्याच्या गैरहजेरीतही जमिनीवर नोंदला जात असतो.

पथ-तपासणीत माणसांऐवजी जागेची नोंद होते. भारतात यासाठी इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांचा (आयआरसी १०३) आधार घेतला जातो. २०१२ च्या आवृत्तीनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंद व २.२ मीटर उंच असा अडथळामुक्त मार्ग असावा आणि कडेच्या दगडाची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. मोजपट्टी घेऊन गेलेल्या शालेय विद्यार्थ्यांच्या गटालाही ही तपासणी करता येते. आपल्या घरासमोरचा पदपथ ‘वाईट’ आहे असे म्हणणे आणि ‘१.८ मीटरऐवजी ०.७ मीटर मोकळा आहे’ असे म्हणणे यांतील फरक पालिकेच्या कार्यालयात लगेच जाणवतो.

दूरस्थ तपासणीचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट साइडवॉक’ या उपक्रमाचा उल्लेख केला जातो. त्यात स्वयंसेवक घरी बसून रस्त्यांची संगणकावरील छायाचित्रे पाहतात आणि उतार नसलेले कोपरे, अडथळे व फुटलेला पृष्ठभाग यांवर खुणा करतात. वॉशिंग्टन डी.सी. येथील सुमारे दीड वर्षाच्या प्रयोगात ७९७ जणांनी दोन लाखांहून अधिक खुणा केल्या. तथापि छायाचित्र ज्या दिवशी घेतले तो दिवस कोणता, हा प्रश्न या पद्धतीत नेहमी उरतो. पावसाळ्यात तुंबणारा रस्ता उन्हाळ्यातील चित्रात कोरडाच दिसतो.

सोबत चालण्याच्या पद्धतीत रहिवासी आपल्या नेहमीच्या वाटेने चालतो आणि वाटेतील मदतीच्या व अडचणीच्या गोष्टी सांगतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील ॲबी किंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेला ‘अवर व्हॉइस’ हा उपक्रम याचे सुविहित रूप आहे. त्यात सहभागी व्यक्ती एका ॲपद्वारे छायाचित्रे व ध्वनिनोंदी घेते आणि वाटेचा मार्ग आपोआप नोंदला जातो. नंतर सर्व सहभागी एकत्र बसून छायाचित्रांची वर्गवारी करतात, कोणती अडचण आधी सोडवायची हे ठरवतात आणि ती स्थानिक अधिकाऱ्यांपुढे मांडतात. आरंभीच्या अभ्यासांत वृद्ध व अल्प उत्पन्न गटातील रहिवाशांना मुद्दाम सहभागी करून घेण्यात आले. पुढे ही पद्धत अनेक देशांत वापरली गेली.

स्वयंचलित गणकयंत्रांपैकी बेल्जियममधील ल्यूव्हेन येथे २०१९ च्या सुमारास सुरू झालेले ‘टेलराम’ विशेष प्रसिद्ध आहे. रहिवाशाच्या खिडकीच्या आतील बाजूस बसवलेले हे यंत्र मोटारी, अवजड वाहने, सायकली व पादचारी यांची वेगवेगळी मोजणी करते. चित्रावरील प्रक्रिया यंत्रातच होते आणि बाहेर केवळ संख्या पाठवल्या जातात. डब्लिन, कार्डिफ, माद्रिद व लुब्लियाना या शहरांतही युरोपीय संघाच्या एका प्रकल्पातून त्याचा वापर झाला. पहिल्या आवृत्तीला अंधारात मोजता येत नसे. उत्तर युरोपच्या हिवाळ्यात शाळेत व कामावर जाण्याची वेळ अंधाराचीच असल्याने ही उणीव किरकोळ नव्हती. याच देशातील अँटवर्प परिसरात २०१८ पासून मे महिन्यातील ठरलेल्या एका गुरुवारी सायंकाळी शेकडो रहिवासी एक तास आपापल्या दारात बसून रस्त्यावरील ये-जा हाताने मोजतात. यंत्राचा सातत्याचा लाभ येथे नसतो, परंतु एकाच तासात असंख्य गल्ल्यांचे चित्र मिळते.

भारतातील स्थिती

२०११ च्या जनगणनेत शेती व घरगुती उद्योग वगळता अन्य क्षेत्रांतील कामगारांना कामावर जाण्याचे साधन विचारण्यात आले. सुमारे २० कोटी कामगारांपैकी साधारण साडेचार कोटी, म्हणजे २२ टक्क्यांहून अधिक, पायी जात होते. आणखी सुमारे ३० टक्क्यांना कामासाठी प्रवासच करावा लागत नव्हता. या आकड्यांत शाळेत जाणारी मुले, भाजी आणायला निघालेली गृहिणी किंवा मंदिरापर्यंत फेरी मारणारे आजोबा येत नाहीत. शिवाय प्रत्येकाचे एकच साधन नोंदले गेल्याने मुंबईतील लोकल प्रवाशाचे घरापासून स्थानकापर्यंतचे चालणे रेल्वेच्या आकड्यात विरून जाते. दुसरीकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या माहितीनुसार २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत मरण पावलेल्या १,६८,४९१ व्यक्तींपैकी ३२,८२५ पादचारी होत्या. मृत पादचाऱ्यांची संख्या उपलब्ध असते, परंतु चालणाऱ्यांची एकूण संख्या उपलब्ध नसल्याने कोणता रस्ता किती धोकादायक आहे याचे प्रमाण काढता येत नाही. ज्या रस्त्यावर अपघात होत नाहीत तो सुरक्षित असतो किंवा तेथून चालण्याचे लोकांनी सोडून दिलेले असते.

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी सुविधा व सुरक्षितता यांविषयीचे धोरण स्वीकारले. ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांसाठी बंद ठेवून पादचारी दिन साजरा करण्यात आला आणि पुढील वर्षांतही हा उपक्रम झाला. अशा दिवसाचे अभ्यासाच्या दृष्टीने मोल असते, कारण एकाच रेषेवर वाहनांसह व वाहनांविना अशी दोन्ही परिस्थितींतील मोजणी करण्याची संधी शहरात क्वचितच मिळते. मात्र उत्सवी दिवशी केवळ पाहायला येणारेही असतात. म्हणून आधीच्या व नंतरच्या त्याच वाराची मोजणी केल्याविना तुलना अपुरी राहते.

मुंबईत २००८ पासून रेल्वे स्थानकांना जोडणारे अनेक स्कायवॉक मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने उभारले. त्यांच्या उपयुक्ततेविषयीचा वाद हा रेषा कशी आखावी याचे चांगले उदाहरण आहे. केवळ स्कायवॉकवरील माणसे मोजली तर संख्या मोठी दिसू शकते. त्याच वेळी खालच्या रस्त्यावरील माणसेही मोजली तरच किती जणांनी जिने चढणे पसंत केले हे कळते. ओझे घेतलेले, गुडघेदुखी असलेले व लहान मुलांसोबतचे पादचारी वेगळे नोंदवल्यास हे प्रमाण आणखी बोलके होते.

मुंबईतील ‘पुकार’ या संस्थेने २००५ पासून युवा पाठ्यवृत्तीद्वारे चाळी, झोपडवस्त्या व उपनगरांतील तरुणांना आपल्याच परिसराचे संशोधक होण्याचे प्रशिक्षण दिले. या तरुणांसाठी ‘बेअरफूट रिसर्चर’ ही संज्ञा वापरली जाते. याच संस्थेतील लिंगभाव व अवकाश या विषयावरील प्रकल्पातून शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांचा ‘व्हाय लॉयटर?’ हा ग्रंथ २०११ मध्ये सिद्ध झाला. मुंबईत स्त्रिया रस्त्यावर दिसतात, परंतु त्या कोठेतरी जात असतात. निरुद्देश थांबलेली स्त्री क्वचित दिसते आणि दिसल्यास तिच्याकडे संशयाने पाहिले जाते, असे त्यातील एक महत्त्वाचे निरीक्षण आहे. केवळ रेषामोजणी करणाऱ्याला हे कळणार नाही, कारण रेषेवर चालणारेच मोजले जातात. थांबलेल्यांसाठी वेगळी स्थिरनोंद करावी लागते.

स्त्रियांच्या दृष्टीने रस्त्यांची तपासणी करण्याची पद्धत १९८९ मध्ये टोरांटोतील मेट्रॅक या संस्थेने मांडली आणि भारतात दिल्लीतील ‘जागोरी’ या संस्थेने तिचा वापर केला. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या अत्याचाराच्या घटनेनंतर, २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेफ्टीपिन’ या ॲपने तिला व्यापक रूप दिले. प्रकाश, मोकळेपणा, लोकांची उपस्थिती, चालण्याचा मार्ग, सार्वजनिक वाहतुकीची जवळीक आणि प्रत्यक्ष वाटणारी सुरक्षितता यांसारख्या नऊ निकषांवर वापरकर्ती व्यक्ती त्या जागेला गुण देते.

पथारीवाले व फेरीवाले यांच्या बाबतीत दोन पद्धतींचे निष्कर्ष परस्परविरोधी येतात. पथ-तपासणीच्या अर्जात ते ‘अडथळा’ या रकान्यात जातात, तर सुरक्षिततेच्या तपासणीत त्यांच्यामुळे रस्त्यावर वर्दळ, दिवे व लक्ष ठेवणारे डोळे असल्याने गुण वाढतात. रात्री नऊनंतर स्थानकाकडून घरी येणारी स्त्री भुर्जीच्या गाडीवरच्या उजेडातून चालणे पसंत करील, याची जाणीव सकाळी फिरायला जाणाऱ्या तपासनिसाला असतेच असे नाही. पथविक्रेत्यांना २०१४ च्या केंद्रीय कायद्याने उपजीविकेचे संरक्षण दिलेले आहे. त्यामुळे ‘अडथळा आहे किंवा नाही’ असे न लिहिता विक्रेत्यासमोर किती मीटर मोकळी जागा उरते हे लिहिणे अधिक न्याय्य व अधिक शास्त्रीय ठरते.

विश्वसनीयता व मर्यादा

स्वयंसेवकांच्या मोजणीवरील पहिला आक्षेप अचूकतेचा असतो. प्रत्यक्षात प्रशिक्षित कर्मचाऱ्यांकडूनही चुका होतात. सॅन फ्रान्सिस्को येथील एका तुलनात्मक अभ्यासात चित्रफितीशी ताडून पाहता रस्त्यावर उभे राहून केलेल्या मोजण्या ८ ते २५ टक्क्यांनी कमी भरल्या होत्या. चूक प्रायः कमी मोजण्याकडे झुकते, कारण थकलेला निरीक्षक माणसे कल्पून लिहीत नाही, ती त्याच्या नजरेतून सुटतात. एकाच रेषेवर दोघांनी परस्परांचा कागद न पाहता मोजणे, दर अर्ध्या तासाने माणूस बदलणे आणि काही भागाचे चित्रीकरण करून ताळा पाहणे हे उपाय रूढ आहेत.

अधिक गंभीर मर्यादा निवडीची आहे. मोजणीसाठी वेळ काढू शकणारे लोक बहुधा सुशिक्षित, निवृत्त किंवा विद्यार्थी असतात आणि आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या ओळखीच्या रस्त्यावर मोजतात. पहाटे साडेपाचला चालत निघणाऱ्या घरकामगार व सफाई कामगार, रात्रपाळी संपवून परतणारे पहारेकरी आणि दुपारच्या अधिवेशनाची शाळकरी मुले त्यांच्या कागदावर येत नाहीत. मोबाइलवर आधारित माहितीत हा दोष आणखी ठळक होतो. २०१७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १११ देशांतील ७ लाखांहून अधिक लोकांच्या मोबाइलमधील पावलांची नोंद तपासण्यात आली आणि भारताची रोजची सरासरी ४,२९७ पावले, म्हणजे जागतिक सरासरीहून कमी आली. ही बातमी भारतीय लोक चालत नाहीत अशा अर्थाने दिली गेली. परंतु ती सरासरी व्यायामाचे ॲप वापरणाऱ्या भारतीयांची होती. ज्यांना बसभाडे वाचवण्यासाठी चालावे लागते अशांचा त्यात समावेश असण्याची शक्यता फार कमी होती.

हेतूचा प्रभाव हा तिसरा प्रश्न आहे. पदपथाची मागणी करणारा गट गर्दीच्या वेळी मोजण्याकडे आणि रिकाम्या तासांचे कागद बाजूला ठेवण्याकडे कळत-नकळत वळतो. मोजणीच्या वेळा व जागा आधी जाहीर करणे आणि शून्य आलेल्या नोंदीही प्रसिद्ध करणे हा यावरील मान्य उपाय होय. रस्ता ओलांडणे अशक्य झाल्यामुळेही शून्य येऊ शकते, म्हणून अशा जागी त्याच रस्त्यावरील लगतच्या ओलांडण्याच्या जागांचीही मोजणी जोडावी लागते. ऋतू व सण यांचाही परिणाम मोठा असतो. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत किंवा जुलैच्या मुसळधार पावसात केलेली एकच मोजणी पुण्या-मुंबईच्या वस्तीचे वर्षभराचे चित्र देऊ शकत नाही.

गोपनीयता व नीती

पादचारी कोणत्या वाटेने जातो हे जाणण्यासाठी त्याच्या मागून काही अंतर राखून चालण्याची पद्धत पाश्चात्त्य अभ्यासांत वापरली गेली आहे. स्वयंसेवकांनी ती वापरू नये, असे मानले जाते. पाठीमागून कोणी येत असल्याच्या जाणिवेने चालण्याची वाट व वेग दोन्ही बदलतात, त्यामुळे निरीक्षणही निरुपयोगी होते. शिवाय भारतात स्त्रीचा पाठलाग करणे हा २०१३ पासून स्वतंत्र दंडनीय गुन्हा आहे. त्याऐवजी संमतीने सोबत चालणे किंवा वाट कागदी नकाशावर काढून घेणे हे पर्याय उपलब्ध आहेत.

मार्गांच्या अंकीय नोंदी नावाविना साठवल्या तरी निनावी राहत नाहीत. सुमारे १५ लाख मोबाइलधारकांच्या माहितीवर आधारित व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, स्थळ व वेळ यांच्या केवळ चार जोड्यांवरून ९५ टक्के व्यक्ती वेगळ्या ओळखता येतात असे आढळले. जानेवारी २०१८ मध्ये ‘स्ट्राव्हा’ या व्यायामविषयक ॲपच्या एकत्रित नकाशावरून काही लष्करी तळांच्या जागा उघड झाल्या होत्या. वस्तीच्या पातळीवर धोका अधिक घरगुती स्वरूपाचा असतो, कारण रोज ठरलेल्या वेळी एका दारातून सुरू होणारी रेषा कोणाची हे शेजाऱ्याला नकाशा पाहताच समजते. म्हणून प्रसिद्ध करावयाच्या नकाशात प्रत्येक मार्गाचे घराजवळचे टोक कापले जाते, वेळा तासांच्या गटांत दिल्या जातात आणि ज्या गल्लीत एकदोनच सहभागी आहेत तिची नोंद शेजारच्या गल्लीत मिळवली जाते. छायाचित्रांतील चेहरे व वाहन क्रमांक पुसले जातात. मुलांच्या शाळेच्या वाटा नकाशावर काढून घेताना पालकांची लेखी संमती घेतली जाते आणि मूळ कागद शाळेबाहेर नेले जात नाहीत.